शरयूकाकूंचं मशीन

शरयूकाकू रागावल्या की त्यांचा आवाज खाली यायचा. बाकीच्यांचा वर जातो. त्यांचा इतका खाली यायचा की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे, आणि जे ऐकू येई त्याने तो पुन्हा सरळ होई. मी राजेंद्र नगरात त्यांच्या वरच्या मजल्यावर तीन वर्षं भाड्याने राहिले. त्या तीन वर्षांत त्या मोठ्याने ओरडल्याचं मला आठवत नाही. शांत होत्या असंही आठवत नाही.

पहिल्याच दिवशी दलालाने भाड्याचा छापील करारनामा आणला. काकूंनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि ओळीमागून ओळ वाचत गेल्या. दर दोन-तीन ओळींनी एक गोल. मी नोकरीनिमित्त सांगलीहून या हिंदी मुलखात नुकतीच आलेली, बॅगा दारातच होत्या.

"हे कोणी लिहिलं?" त्यांनी दलालाला विचारलं.

"मॅडमजी, सबका यही चलता है."

"सबका चलता असेल. माझ्या घरात नाही चलणार. इथे 'किरायेदार' तीन जागी तीन तऱ्हेने लिहिलाय. उद्या ही मुलगी कोर्टात गेली तर पूछतील, बाई, यातली तू कोणती?"

मग त्या आतल्या खोलीत गेल्या आणि माझा चहा संपायच्या आत सगळा करारनामा नव्याने टाइप करून घेऊन आल्या. मी दारातून पाहिलं होतं. त्यांची नजर दलालाच्या कागदावर होती आणि बोटं खाली आपापली चालली होती, एखादी बाई गप्पा मारत मेथी निवडते तशी.

काकू कोर्टात चौतीस वर्षं स्टेनो होत्या. रणदिव्यांचं घराणं जुनं. पणजोबा संस्थानच्या पागेवर अधिकारी होते. "त्यांनी घोडे सांभाळले, मी वकील," त्या सांगत. "घोडे बरे." त्यांच्याबद्दल कोर्टात एक गोष्ट अजून सांगतात. एका बड्या वकिलाने साक्ष चालू असताना साक्षीदार बाईला हळूच एक शिवी दिली. नंतर साक्षीचा कागद वाचला तर त्यात शिवी जशीच्या तशी. वकीलसाहेब भडकले, हे काढा म्हणाले. काकू म्हणाल्या, "आपने बोला, मैंने सुना, मैंने लिखा. इसमें मैं क्या काढू?" त्या मराठी 'काढू'वर सगळं कोर्ट हसलं म्हणे. शिवी मात्र कागदावर राहिली.

निवृत्तीनंतर त्यांनी घरी एक कॉम्प्युटर घेतला होता. तो मी आले तेव्हाच म्हातारा झाला होता. मागून पोट आलेला पडदा, सुरू होताना पंख्यासारखा आवाज आणि कळांवरची अक्षरं झिजून पार गेलेली. दुसऱ्या कुणाला त्यावर नावसुद्धा लिहिता आलं नसतं. काकू त्याला कॉम्प्युटर म्हणत नसत, मशीन म्हणत. हिंदी टाइपरायटरवर बोटं बसलेली, मशीनमध्येही कोर्टातल्या माणसाने पहिल्या दिवशी तशीच सोय करून दिली होती. डाव्या हाताचं मधलं बोट जिथे टेकतं तिथे क. काकूंच्या लेखी क तिथेच राहतो.

या मशीनवर त्या लोकांचे अर्ज लिहीत. कुणाचं नाव रेशनकार्डावर चुकलेलं, कुणाच्या मुलाला शाळेने दाखला दिला नाही. माणसं व्हरांड्यात येऊन बसत, काकू ऐकत, मध्येच थांबवून म्हणत, "ये आपको किसने बोला? उसका नाम. नाम के बिना मैं नहीं लिखती."

कमला सोळंकी अशीच आली. देपालपूरच्या पुढे एका खेड्यात ती अंगणवाडी चालवायची. गावातल्या एका वजनदार माणसाला त्या जागी आपली सून बसवायची होती. त्याने तक्रार केली की कमला अंगणवाडी उघडतच नाही, पोरांचा खाऊ घरी नेते. चौकशी झाली ती त्याच माणसाच्या ओसरीवर. सोळा वर्षांची नोकरी एका कागदाने गेली. कमला व्हरांड्यात बसून रडली नाही. एवढंच म्हणाली, "मॅडमजी, मेरे से तो किसी ने पूछा ही नहीं."

हे वाक्य ऐकून काकूंचा आवाज जो खाली गेला तो पुढे कित्येक आठवडे वर आला नाही.

त्या तीन रविवार बसने त्या गावी गेल्या. गुडघे दुखत असताना घरोघर जाऊन तेवीस बायकांचे जबाब घेतले, शॉर्टहँडमध्ये, त्या बायका बोलल्या तसे. घरी येऊन टाइप केले आणि शॉर्टहँडच्या वह्या फाडून टाकल्या. मी म्हटलं, "काकू, राहू द्यायच्या होत्या." त्या म्हणाल्या, "दोन-दोन कागद ठेवले की वकील दोघांत फरक काढतो. मला पता आहे. एकच ठेवायचा, आणि तो पक्का." कमलाच्या अर्जावर सुनावणी होती सोमवारी. शनिवारी वाचून, दुरुस्त करून छापायचे, असं त्यांनी ठरवलं होतं.

त्याच आठवड्यात त्यांचा मुलगा निशांत बंगळूरहून आला. निशांत मुलगा चांगला. आईला रोज फोन करणारा. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि आईच्या त्या घरघरत्या डब्याची त्याला लाज वाटे, काळजीही वाटे. बुधवारी सकाळी काकू नणंदेला घेऊन खजरान्याच्या गणपतीला गेल्या. दुपारी परतल्या तर टेबलावर नवं मशीन. ताटासारखं पातळ, चंदेरी. सिस्टिमसुद्धा वेगळीच, निशांत स्वतः वापरायचा ती. टेबलावरचा क्रोशाचा रुमाल घडी करून बाजूला ठेवला होता.

मी तेव्हा खाली दूध द्यायला आले होते, म्हणून हे मला माहीत आहे. काकूंनी प्रसादाची पुडी हातात तशीच धरली होती.

"माझं मशीन कुठे आहे?"

"सरप्राइज आहे आई. जुनं एक्स्चेंजमध्ये दिलं. तुझ्या सगळ्या फाइली मी यात टाकल्यात, एक पण नाही गेली. बघ तरी."

"मला विचारलं?"

"विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस."

"मग उत्तर पता होतं तुला," काकू म्हणाल्या, इतक्या हळू की निशांतला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तो तेव्हा त्यांना बोटाने पडदा कसा सरकवायचा ते दाखवत होता. गुरुवारी पहाटेच्या विमानाने तो गेला.

गुरुवारी दुपारी त्यांनी मला हाक मारली. त्या तेवीस बायकांतल्या गंगाबाईचा जबाब उघडला होता. पडद्यावर एक अक्षर हिंदी नव्हतं. नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा, मध्ये अर्धविराम, कंस, आकडे, कुठे लहान अक्षर, कुठे मोठं. दुसरी फाइल तशीच. तेवीसच्या तेवीस. त्यामागची दहा वर्षांची सगळी कामंही तशीच.

निशांतला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. नंतर म्हणाला, जुन्या फाइली असतील, करप्ट झाल्या असतील, दुकानातून माणूस पाठवतो. शुक्रवारी माणूस आला. त्याने उभ्या उभ्याच पाहिलं. "आंटीजी, डेटा करप्ट है. पुराना सिस्टम था ना. अब इसमें नया बनाओ, बहुत ईज़ी है." जाताना म्हणाला, "इस उमर में थोड़ा टाइम लगता है, टेन्शन मत लो." काकूंनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. त्यांच्या घरातून पाणी न पिता गेलेला मी पाहिलेला तो एकच माणूस.

आणि मग मीही तेच केलं. आज त्याची मला चीड येते. मी म्हटलं, "काकू, हे खरंच सोपं आहे. टाइप करायचंच नाही. नुसतं बोलायचं, ते आपोआप लिहितं." माइकचं चिन्ह दाबून दिलं. भाषा मराठी ठेवली. म्हटलं, बोला काहीही.

काकू मशीनकडे पाहत म्हणाल्या, "मला पता आहे की हे होणार नाही."

पडद्यावर आलं, 'मला पत्ता आहे की हे होणार नाही.'

"पत्ता तर माझाही आहे," काकू म्हणाल्या. "राजेंद्र नगर. हिंदीत कर."

हिंदी केलं. त्यांनी गंगाबाईचं आठवेल ते एक वाक्य तिच्याच माळवी बोलीत म्हटलं. मशीनने ते साफसूफ करून शाळेच्या पुस्तकातलं हिंदी करून टाकलं, आणि 'छोरी'च्या जागी 'चोरी' लिहिलं. म्हणजे ज्या बाईवर खाऊ चोरल्याचा आरोप होता, तिच्या बाजूच्या जबाबात चोरी.

काकूंनी माइक बंद केला. "मेघना, तू पण ना," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळे मला शिकवायला येता. कोणी हे पूछत नाही की शरयू, तुला काय येतं." मी वर निघून आले. मला त्यांचा राग आला होता, कारण त्या बरोबर बोलत होत्या.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला खालून पुन्हा हाक आली. या वेळी हाकेत काहीतरी वेगळं होतं, मी ओल्या केसांनीच धावले. काकू मशीनसमोर नव्हत्या. जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या आणि त्यांचे दोन्ही हात टेबलावर, कळांवर ठेवावेत तसे ठेवलेले.

"ते उघड आणि मला अक्षरं वाचून दाखव. एक-एक. इंग्रजी."

"कुठून?"

"सगळ्या फाइली सारख्याच सुरू होतात. मी सकाळी पाहिलं. कचरा असता तर तेवीस जागी एकसारखा कसा असता? वाच."

मी वाचलं. मोठा ई. जी. के. जे. के. एस.

मी एकेक अक्षर म्हणत गेले तशी त्यांची बोटं टेबलाच्या लाकडावर एकेक जागा दाबत गेली. डोळे मिटलेले. "शिफ्ट दाबून ई, म्हणजे अर्धा म," त्या पुटपुटल्या. "ह. काना. र. काना, मात्रा." मग डोळे उघडले. "म्हारो."

मी पुढचं वाचलं. यू, के, ई.

"नाम," काकू म्हणाल्या. "म्हारो नाम. मेघना, हे करप्ट नाहीये. हे माझेच हात आहेत. मी जी कळ दाबली ती ह्याने लिहून ठेवली आहे."

त्या मला पूर्ण पान वाचायला लावून बोटांनी गंगाबाईचा जबाब म्हणत गेल्या. 'म्हारो नाम गंगाबाई है. म्हारी छोरी कमला बाई का भरोसे पली.' मी हाताने उतरवत होते. एक जबाब, दुसरा, तिसरा. चौथ्याच्या मध्यावर त्या अचानक थांबल्या. चेहरा आनंदाचा असायला हवा होता, तो दगडासारखा झाला.

"म्हणजे अक्षरं सगळी आहेत. फक्त कपडे नाहीत अंगावर," त्या म्हणाल्या आणि फोन उचलला.

कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये बाबूलाल नावाचे टायपिस्ट बसत. काकूंपेक्षा थोडे लहान, त्यांच्याच हाताखाली शिकलेले. काकूंनी दोन वाक्यांत सांगितलं. पलीकडून बाबूलाल हसले ते मलाही ऐकू आलं. "अरे मॅडम, फाँट नहीं है उसमें. हिंदी का फाँट डला ही नहीं. भेज रहा हूँ, भिया से बोलो डाल दे."

भिया, म्हणजे भैया, मीच होते. दोन मिनिटं लागली. फाइल आली, दोनदा दाबली, आणि पडद्यावरचा सगळा कचरा एका क्षणात हिंदी झाला. तेवीस बायका आपापल्या नावांनिशी उभ्या राहिल्या.

मी हसले. मला वाटलं, काकूही हसतील.

"दोन मिनिटं," काकू म्हणाल्या. आवाज आता इतका खाली की मला वाकावं लागलं. "दोन मिनिटांचं काम. माझा मुलगा इंजिनीअर. तो दुकानवाला इंजिनीअर. तू शिकलेली. आणि तीन दिवस मी इथे बसून विचार करत होते की माझंच डोकं गेलं. मी त्या लोकांचं मानलं, मेघना. चौतीस वर्षं मी कोणाचं असंच नाही मानलं. ह्यांचं मानलं, कारण ते प्रेमाने बोलत होते."

 

मग त्यांनी खुर्ची ओढली आणि कामाला लागल्या. बोटं पहिल्यांदा अडखळली, कारण नव्या कळा चपट्या होत्या. मग चालू लागली. एकाच जागी अडलं. 'क्रमांक'मधला क्र काढायला जुन्या मशीनवर एक कळ दाबून धरून दोनशे सोळा आकडा मारावा लागे. नव्या मशीनला तो आकडा कळेना. आणि सरकारी अर्जात तर पहिल्याच ओळीत क्रमांक. काकूंनी क काढला, त्याच्या खाली वेगळी रेघ जोडली. जरा लंगडा दिसत होता. "चालेल," त्या म्हणाल्या, "कमलाला परत कामावर घ्यायला एवढा क्र पुरे."

सोमवारी सुनावणीला मी सुट्टी काढून गेले. अधिकारी तरुण होते. चार पानं उलटून म्हणाले, "ये कौन सी भाषा है? ठीक हिंदी में नहीं लिख सकते थे?"

"जिनका बयान है, उन्हीं की है साहब," काकू म्हणाल्या. "ठीक मैं कर देती, तो बयान मेरा हो जाता."

अधिकारी पहिल्यापासून वाचायला लागले. तेविसावा जबाब संपेपर्यंत ते थांबले नाहीत. तक्रार करणाऱ्या माणसाने दोनदा घड्याळ पाहिलं.

त्या दिवशी निकाल लागला नाही. पुन्हा चौकशी झाली, या वेळी अंगणवाडीत बसून, आणि चार महिन्यांनी कमला परत कामावर गेली. मक्याची कणसं घेऊन ती आली आणि काकूंच्या पाया पडली. काकू तिच्यावरही चिडल्या. "उठो. मैंने टाइप किया. बोलीं वो औरतें. उनके पैर पड़ो."

दिवाळीला निशांत आला. फराळाचं ताट समोर ठेवून काकूंनी त्याला मशीनपाशी बसवलं. हिंदी फाँट लावला, एक जुना अर्ज शेजारी ठेवला आणि म्हणाल्या, "ह्या चार ओळी टाइप कर."

"आई, मला हे येत नाही."

"ईज़ी आहे रे. बहुत ईज़ी."

तो प्रयत्न करत होता. क शोधायला त्याला मिनिट लागलं. चकली तशीच राहिली. अर्धी ओळ झाली तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता आणि मला उठून जावंसं वाटत होतं, पण काकूंनी मला खुणेने बसवून ठेवलं.

"मला मूर्ख असल्यासारखं वाटतंय," निशांत शेवटी म्हणाला.

"हो ना," काकू म्हणाल्या. "मी तीन दिवस तशी होते. तू मशीन बदललंस, ठीक आहे. पण निशू, मी घरी येईपर्यंत तुला थांबता आलं नाही?"

निशांत म्हणाला, "जुनं परत मिळतं का बघतो." दोघांनाही माहीत होतं की मिळणार नाही. काकूंनी चकलीचं ताट त्याच्याकडे सरकवलं. त्यांचा राग गेला असं मी म्हणणार नाही. एवढंच की त्यानंतर फोनवर निशांत काही ठरवण्याआधी आईला विचारू लागला, आणि कधीकधी काकू विचारल्यावरही नाही म्हणत, नुसतं म्हणता येतं म्हणून.

पुढच्या वर्षी माझी नाशिकला बदली झाली. सामान ट्रकमध्ये गेलं, मी निरोपाला खाली आले तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "शरयूजी तो कोर्ट गईं." हल्ली त्या आठवड्यातून तीनदा बाबूलालच्या शेडमध्ये बसत. टॅक्सीवाल्याला तिकडून घ्यायला सांगितलं.

पत्र्याखाली पाच-सहा टेबलं, त्यांतल्या कोपऱ्यातल्या टेबलावर काकू. समोर स्टुलावर एक बाई, डोक्यावरून पदर, हातात चुरगळलेला कागद. ती इतकी भरभर बोलत होती की मला एक शब्द कळला नाही.

"धीरे," काकू म्हणाल्या. "किसने बोला? उसका नाम बोलो. मैं यहीं बैठी हूँ."

मी हाक मारली. टॅक्सीने हॉर्न दिला. काकूंनी वळून पाहिलं नाही. उजवा हात कळांवरून उचलून माझ्या दिशेने धरला, पंजा उघडा, थांब म्हणून. डावा हात लिहीतच होता. ती बाई नाव सांगत होती.